दोन पांढऱ्या पाट्या

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नांगर निघत नाही. बंदराच्या तळाशी पडलेल्या जुन्या साखळीत तो अडकला आहे, असं आज सकाळी बंदरमास्तरांनी पक्कं सांगितलं. लांब काठीला आकडा बांधून त्यांनी आमची साखळी ओढून पाहिली, च्यक् केलं आणि म्हणाले, "धरलंय. चांगलंच धरलंय."

बातमी आधी, दुजोरा कुणी दिला ते लगेच, आणि रडगाणं शेवटी, जागा उरली तर. सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या टेबलावर इतरांच्या बातम्या तपासण्यात गेली. आता स्वतःच्या डायरीतही हात तसाच चालतो.

आज जागा उरली आहे, म्हणून रडगाणं. आम्ही दोघं रविवारी संध्याकाळी आमच्या शिडाच्या बोटीनं या बेटावर आलो. बोट म्हणजे दोन फळ्यांचे पलंग, एक स्टोव्ह आणि शिलाई मशीनएवढं इंजिन. निवृत्त झाल्यावर यांनी हौसेनं घेतली. हे पायलट होते, म्हणजे बंदरातले. परक्या जहाजावर शिडीनं चढून ते खडकांमधून आत आणून लावणारे. आमच्या लग्नात माझ्या मावशीनं सगळ्यांना सांगितलं होतं की जावई विमान चालवतो. ती गेली तोवर तिला खरं सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

उन्हाळ्यात हे बंदर बोटींनी गच्च असतं म्हणे. आता आमची एकच बोट. घरांच्या खिडक्या बंद, धक्क्यावर उलट्या घातलेल्या होड्या, आणि बंदरमास्तरांच्या शेडमध्ये रांगेनं ठेवलेले लाल-पिवळे बोये. सीझनमध्ये हे बोये तळाच्या एका जाड साखळीला बांधून पाण्यावर सोडतात आणि बोटी त्यांना बांधतात. सीझन संपला की बोये बाहेर काढतात, साखळी मात्र तळाशीच राहते. हिवाळ्यात येणाऱ्याला ती कुठे आहे हे कळावं म्हणून डाव्या हाताच्या टेकडीवर दोन पांढऱ्या पाट्या आहेत, एक खाली, एक वर, दोन्ही दाराएवढ्या. त्या एकाखाली एक आल्या की आपण बरोबर साखळीवर आहोत असं समजायचं, आणि पुढे जाऊन मग नांगर टाकायचा.

आम्ही बरोबर साखळीवर टाकला. मी पुढे नांगरापाशी वाकून हुकुमाची वाट बघत होते. हे म्हणाले, "टाक," मी टाकला.

"पाट्या नाही दिसल्या, कप्तान?" बंदरमास्तरांनी विचारलं.

"पुसट झाल्यात हो पाट्या," हे म्हणाले. "शिवाय सूर्य डोळ्यांवर होता."

बंदरमास्तर टेकडीकडे बघत राहिले.


बुधवार, १२ नोव्हेंबर

दुरुस्ती: सूर्य डोळ्यांवर नव्हता. आम्ही आत येताना तो पाठीमागे होता. माझीच सावली पुढे पाण्यात पडलेली मला आठवते. यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "मग ढग असेल. तू आता माझीही प्रूफं तपासणार का?"

दिवसभर इंजिन पुढे मारून पाहिलं, मागे मारून पाहिलं, भरतीत पाहिलं, ओहोटीत पाहिलं. बोट साखळीभोवती खुंटाला बांधलेल्या म्हशीसारखी फिरते आणि थांबते. बेटावर एक पाणबुड्या आहे, पण तो सीझन संपला की पलीकडे भावाकडे जाऊन राहतो. बंदरमास्तरांनी सोपा उपाय सांगितला: तुमची साखळी इकडून सोडून द्या, तिच्या टोकाला बोया बांधून ठेवतो, उन्हाळ्यात पाणबुड्या नांगर काढेल.

"नांगर टाकून मी आजवर कुठलं बंदर सोडलेलं नाही," हे म्हणाले. "दुसरा नांगर खेळण्यातला आहे. त्याच्या भरवशावर हिला घेऊन समुद्रात जाऊ?"

मुद्दा बरोबर वाटला. चार दिवस जास्त राहू, बिघडलं काय. चहा ओतताना यांनी निम्मा टेबलावर ओतला. बोट हलते फार.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

भिंगरीचा रक्तदाब वाढला आहे. जावयांनी फोनवर सांगितलं, आणि नंतर तिनं स्वतः.

भिंगरी आमची एकुलती एक. लहानपणी एका जागी उभी राहायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता तिचा आठवा संपत आला आहे. आम्ही निघालो तेव्हा सगळं उत्तम होतं. हेच म्हणाले होते, "बाळ आलं की तुला माझ्याकडे बघायलाही वेळ नसणार. त्याआधी एकदा ते बेट बघून येऊ. आत्ताच जाऊ, गर्दी नसते." या बेटावर त्यांनी उमेदवारीतले दोन उन्हाळे काढले होते. इथला खडक न् खडक पाठ आहे म्हणाले. मीही भुलले. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

मोबाइल इथे लागत नाही. दुकानात एक जुना फोन आहे, पिठाच्या पोत्यामागे. दुकानवाली बाई वजन करता करता आपलं सगळं बोलणं ऐकते आणि लपवतही नाही.

"आई, झोपून राहायला सांगितलंय," भिंगरी म्हणाली. "छताला एक तडा आहे. तो आता मला पाठ झालाय."

"बाबांवर गेलीस. त्यांनाही सगळं पाठच असतं."

ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही कधी येताय?"

लवकर, असं सांगितलं. ही मुलगी शाळेत पडून गुडघा फुटला तरी मला ऑफिसात फोन करू द्यायची नाही. कधी येताय, हे तिनं मला पहिल्यांदा विचारलं.

फोन ठेवल्यावर दुकानवाली म्हणाली, "ताई, तुमचे साहेब रागीट आहेत का?"

"का हो?"

"काल समोरून आले. मी हात केला, हसले. सरळ माझ्या अंगावरून बघत निघून गेले. एवढा कसला तोरा म्हटलं. मी काय त्यांच्या जहाजाला आडवी आले?"

मी म्हटलं, विचारात असतील. बोटीवर आल्यावर यांना बोललेही. "दुकानात दोन शब्द बोलत जा. उधारीवर फोन देते ती."

"ती तीच होती होय," हे म्हणाले. "ओढणी गुंडाळलेली होती, ओळखलंच नाही."

मग नांगर सोडून निघण्याचा विषय काढला. वारा पडू दे, पाणबुड्याला निरोप जाऊ दे, शनिवारी मालाची बोट येईल तिच्यावरून तो येईल, अशी तीन कारणं एका दमात सांगितली. सांगताना मान जरा वाकडी, आणि नजर माझ्या कानावर. अलीकडे ही नवीन सवय लागली आहे. मी म्हटलं, "अहो, मी इथे आहे. कानाला काय सांगताय?"

"कानानंच ऐकतेस ना," हे म्हणाले.


शनिवार, १५ नोव्हेंबर

मालाची बोट आली नाही. समुद्र फुगला आहे, पुढच्या शनिवारपर्यंत येणार नाही, असं बंदरमास्तरांना वायरलेसवर कळलं. म्हणजे पाणबुड्याही नाही.

मी धक्क्याच्या टोकाशी उभी राहून बंदराच्या तोंडाबाहेरच्या लाटा बघितल्या. आतलं पाणी बशीतल्यासारखं शांत आणि बाहेर भिंती चालून येताहेत. अशा वेळी माणसानं कुणावर तरी रागवावं, पण कुणावर? पेपरात असताना काहीही अडलं तरी एक फोन करायला माणूस असायचा. इथे फोन केला तर पिठाचं पोतं आणि भिंगरीचा आवाज.

आणखी एक. बंदरमास्तर टेकडीवर शिडी लावून पाट्या रंगवताहेत. गार वाऱ्यात, बोटं लाल झालेली. मी वर चढून गेले. जवळून पाहिलं तर पाटी लख्ख पांढरी होती.

"या पुसट कुठे आहेत?" मी विचारलं.

"कप्तान म्हणाले ना." त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निरपला. "दर साली सीझन संपला की मी पहिल्यांदा पाट्या करतो, मग बोये. यंदाही केल्यात. पण पायलट माणूस म्हणतो नाही दिसल्या, तर नसतील दिसल्या. उद्या कुणी अडकलं तर लोक म्हणतील, म्हातारा झाला, हात चालत नाही याचा. ही जागा मागायला दोघं-तिघं टपलेत."

"तुम्ही चहाला या बोटीवर."

"पाट्या झाल्या की येतो."

खाली येऊन यांना सांगितलं. हे दोरांची गुंडाळी करत बसले होते. दोर यांच्या हातात आपोआप गोल होतो, बघावं लागत नाही. हातातली गुंडाळी पुरी केली, मग म्हणाले, "दुसरा हात देतोय?"

"दोन्ही पाट्यांना."


रविवार, १६ नोव्हेंबर

बातमी नाही. फोन केला तेव्हा भिंगरी झोपली होती. जावई म्हणाले, आहे तसंच आहे.

वारा असल्यामुळे धक्क्यावर फिरणं तेवढं झालं. यांनी एक खेळ काढला आहे. बाकावर बसायचं आणि मी समोरच्या घरांचे रंग सांगायचे.

"पहिलं?"

"निळं. दाराला गंज आलाय."

"तिथे एक जण माशांची जाळी विणायचा. तिसरं?"

"समोर आहे, बघा की."

"तू सांग. तू चांगलं सांगतेस. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांनी बातम्या केल्यास, आता स्वतःच्या कर."

सांगितलं. तिसरं पिवळं, वरच्या खिडकीत उन्हात ठेवलेली रिकामी कुंडी, चौथ्याच्या पायरीवर मांजर. यांना मांजर माझ्याआधी कळलं, कडेनं हललं म्हणाले. हे असं आहे. दाराएवढी पाटी दिसत नाही आणि कोपऱ्यातलं मांजर दिसतं. लक्ष नसणं म्हणतात ते हेच.

खरं सांगायचं तर मला राग येत होता. तिकडे लेक छताचा तडा बघत पडली आहे आणि आम्ही घरांचे रंग मोजतोय. पण यांचा चेहरा इतका खूश होता की तोंडातून शब्द निघेना. निवृत्तीपासून असा बघितला नव्हता. मुदतीआधी दोन वर्षं सोडलं यांनी काम. दरवर्षीची तपासणी करून आले, जेवले, आणि म्हणाले कंटाळा आला. ज्या माणसाला रविवारी घरी बसायचा कंटाळा, त्याला कामाचा कंटाळा आला. मी तेव्हाही जास्त विचारलं नाही. त्या आठवड्यात निवडणूक होती.

तेव्हापासून सकाळचा पेपरही मीच वाचून दाखवते. पूर्वी आमच्या पेपरातल्या चुका लाल पेन्सिलीनं काढून माझ्या डब्यात घालून द्यायचे. आता डोळे मिटून ऐकतात. म्हणतात, तुझ्या आवाजात चुका कमी वाटतात. येताना सुकाणूही जवळजवळ सगळा वेळ माझ्याच हातात होतं. मला वाटलं, लाड करताहेत.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

भिंगरीचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आहे. डॉक्टरबाईंनी स्वतः फोनवर सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं.

रक्तदाब औषधानं उतरत नाही. थांबण्यात धोका आहे, बाळ आत्ताच काढण्यातही थोडा आहे, दोन्ही वजनं करून त्यांनी शुक्रवार ठरवला. त्या शांत बोलत होत्या. मीही शांत बोलले. दोन कामाच्या बायका बोलतात तसं झालं. फोन ठेवला आणि मला पोत्यावर बसावं लागलं. दुकानवालीनं पाणी दिलं आणि वजनाचा काटा थांबवला.

"साहेबांना सांगा, आता निघाच म्हणावं," ती म्हणाली.

"समुद्र?"

"गुरुवारपासून पडेल म्हणतात. मालाची बोट शनिवारी येईल. तुम्हाला उशीर होईल तो."

बोटीवर गेले. सांगितलं. यांनी स्टोव्ह बंद केला. म्हणाले, "तू शनिवारी मालाच्या बोटीनं जा. मी नांगर निघाला की येतो."

"शनिवारी? ऑपरेशन शुक्रवारी आहे. शुक्रवारी पहाटे साखळी सोडून निघालो तर संध्याकाळी तिच्याजवळ असू. ती शुद्धीवर येईल तेव्हा आपण दिसायला नको?"

"आणि आपल्या त्या बंदरात रात्रीच्या आत शिरलो नाही तर? तुला माहीत आहे तिथे किती जहाजं असतात?"

"मला कशाला माहीत पाहिजे? तुम्हाला माहीत आहे ना. त्याच बंदरात तुमचा जन्म गेला. डोळे मिटून आणाल बोट."

तिथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "एका लोखंडाच्या तुकड्यासाठी तुम्ही लेकीला टाकताय. लाज वाटली पाहिजे."

उठून वर गेले. जाताना केबिनच्या दारात डोकं आपटलं. मी लागलं का विचारलं नाही.

नंतर खिडकीतून पाहिलं तर हे छोट्या होडीनं धक्क्यावर गेले होते आणि टेकडी चढत होते. वरच्या पाटीला शिडी लागलेली, बंदरमास्तर वर. यांनी जाऊन शिडी धरली. लांबून दोघं एवढे एवढे दिसत होते. काय बोलले ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. हे बोलत होते आणि बंदरमास्तर ब्रश हातात धरून तसेच शिडीवर. मग ते खाली आले. ब्रश खाली ठेवला, डब्याला झाकण लावलं, बुटाच्या टाचेनं ठोकून बसवलं. पाटी अर्धीच रंगवून झाली होती. मग यांचा दंड धरून त्यांनी यांना पायवाटेनं खाली आणलं. आपण वाट चुकलेल्या पाहुण्याला आणतो, तसं.

यांना कुणी दंड धरलेला आवडत नाही. या वेळी तो सोडवून घेतला नाही, हे मला लांबूनही दिसलं.


बुधवार, १९ नोव्हेंबर

समुद्र उतरतो आहे. शुक्रवारचा एक दिवस मोकळा मिळेल, शनिवारी दुपारनंतर पुन्हा वारा, असं बंदरमास्तरांनी सकाळी वायरलेस ऐकून सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

"काल काय बोललात दोघं?" मी विचारलं.

"पाट्यांचं."

"पाट्या पुसट होत्या का?"

"पाट्या ठीक होत्या, बाई," ते म्हणाले, आणि बोयांच्या शेडकडे निघून गेले.

सकाळी जेवणाच्या फळीशी आम्ही समोरासमोर बसलो होतो. पाव, अंडी, चहा. भांडण झाल्यावर बोलणं सुरू करायची आमची एक जुनी रीत आहे. कुणी तरी एकानं जीभ काढून दाखवायची, दुसऱ्यानं त्याहून वाईट तोंड करायचं. लग्नानंतरच्या पहिल्या भांडणापासून चालू आहे. भिंगरीलाही माहीत आहे. तिनं एकदा हेच तिच्या मुख्याध्यापिकेला करून दाखवलं होतं.

मी जीभ काढली. चांगली लांब, डोळे तिरळे करून. हे माझ्याकडे तोंड करून बसले होते, दोन हातांच्या अंतरावर.

"साखर दे जरा," हे म्हणाले.

मी तशीच थांबले. मग साखरेचा डबा सरकवला, नेहमीच्या जागेपासून वीतभर लांब. यांचा हात नेहमीच्या जागी गेला, तिथे फळीवर टेकला, आणि मग हळूच आजूबाजूला फिरला.

मी डबा हाताशी दिला. म्हटलं, "बोट हलते."

"फार हलते," हे म्हणाले. पाणी बशीतल्यासारखं होतं.

दिवसभर एक गोष्ट मनात आहे. दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी आपणहून तिच्यामागे रांगेत येऊन उभ्या राहताहेत, ओढणी, मांजर, पेपर, तपासणी, सुकाणू. पण दुजोरा नाही. दुजोऱ्याशिवाय मी आजवर कुणाचं काही छापलं नाही. म्हणून लिहीत नाही.

यांना विचारता आलं असतं. दोनदा तोंड उघडलंही. एकदा म्हटलं, "काय हो," आणि हे म्हणाले, "काय?" मग मी म्हटलं, "बटाटे संपलेत."


गुरुवार, २० नोव्हेंबर

यांना समोरचं दिसत नाही. दुजोरा खुद्द यांच्याकडून.

मला सांगितलं नाही. वायरलेसवर सांगितलं. मी समोर उभी असताना.

सकाळी बंदरमास्तरांच्या खोलीत गेलो. त्यांनी यांच्या हातात वायरलेसचा फोन दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. पलीकडे लंब्या होता. लंब्या यांच्या हाताखाली शिकला, आता आमच्या बंदरातला मुख्य पायलट. यांना अजून 'सर' म्हणतो.

"सर, कुठे हरवलात? वहिनी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. लंब्या, उद्या संध्याकाळी मला पायलट पाहिजे."

"कुठल्या जहाजाला?"

"माझ्या बोटीला."

लंब्या हसला. "सर, तुमच्या बोटीला पायलट? आमच्या बंदराची काय थट्टा करता. तिच्यात बसायला जागा तरी आहे का?"

हे हसले नाहीत. फोन दोन्ही हातांनी धरला होता. म्हणाले, "लिहून घे. बोट लहान, शिडाची, इंजिन चालू आहे. मोठा नांगर नाही. सुकाणूवर बायको आहे. ती उघड्या समुद्रात चालवते, बंदरात कधी चालवलेली नाही." मग थांबले. "मला मधलं काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. दोन वर्षं झाली."

पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं संपर्क तुटला.

मग लंब्या म्हणाला, अगदी वेगळ्या, कामाच्या आवाजात, "बाहेरच्या बोयापाशी थांबा, सर. मी स्वतः येतो."

यांनी फोन जागेवर ठेवला. पहिल्या खेपेला चुकला, दुसऱ्या खेपेला बसला. बंदरमास्तर खिडकीतून त्यांच्या पाट्यांकडे बघत होते. मी काय केलं? काही नाही. पाकिटातून पेन काढलं होतं, ते परत ठेवलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू लगेच खरं-खोटं करायला घेतलं असतंस. डॉक्टर, दुसरा डॉक्टर, तिसरा. मला जरा वेळ ते खोटं असायला हवं होतं."

"दोन वर्षं?"

"जरा वेळच म्हणायचा होता. वाढत गेला." धक्क्याच्या पायऱ्या आल्या तशी यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमी मैत्रीनं ठेवतात तसाच. तो कशासाठी ठेवतात ते आज कळलं. "हे बंदर एकदा बघायचं होतं. आलो तेव्हा कळलं, उशीर झाला. मग तू रंग सांगत होतीस, तेव्हा दिसलं थोडं."

मला रडूही येईना आणि रागही येईना. मी म्हटलं, "पाचव्या घराचा सांगायचा राहिलाय. हिरवा. भयंकर आहे."

"तो तेव्हाही भयंकर होता," हे म्हणाले.

दुपारी भिंगरीला फोन केला. यांचं काही सांगितलं नाही. उद्या संध्याकाळी येतोय एवढंच. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, तुझ्या बाबांनी सांगितलंय. ती म्हणाली, "मग ठीक." दुकानवालीनं आज काटा चालवलाच नाही. निघताना अंडी बांधून दिली आणि म्हणाली, "साहेबांना म्हणावं, रागावले नव्हते हे कळलं मला. मीच बोलले असते आधी, तर बरं झालं असतं." बंदरमास्तरांनी सांगितलं असावं. बेट लहान आहे.

सामान बांधून झालं. आमच्या साखळीच्या टोकाला बांधायला बंदरमास्तरांनी शेडमधला एक बोया आणला आहे, नवा रंगवलेला, लाल. उन्हाळ्यापर्यंत बंदरात तो एकटाच असेल.

उद्याचं असं ठरलं आहे. उजाडताना, भरती पूर्ण झाली की, मी साखळी सोडीन. बंदरमास्तर त्यांच्या इंजिनच्या होडीनं आम्हाला दोर लावून तोंडाबाहेर ओढून नेतील. त्यांच्या होडीला त्यापुढे जाता येत नाही, तिथे दोर सुटेल. मग सुकाणू माझ्याकडे, होकायंत्र माझ्यासमोर, आणि हे माझ्या शेजारी बसून मी जे जे सांगीन ते ऐकून काय करायचं ते सांगतील. वारा मागून असेल. नऊ वाजता भिंगरीला आत नेतील तेव्हा आम्ही समुद्रात असू, दोन्ही किनारे दिसत नाहीत अशा जागी. आमचा छोटा वायरलेस तिथून कुठेच पोचत नाही. काय झालं ते कळायला संध्याकाळ होईल.

जावई दुपारी लंब्याला फोन करून ठेवतील. म्हणजे बातमी आम्हाला लंब्याकडून कळेल. बाहेरच्या बोयापाशी त्याची लाँच येईल, तो तिच्या काठाशी उभा असेल. इंजिनांच्या आवाजात हाक ऐकू यायला त्याला बरंच जवळ यावं लागेल. चेहरा मात्र लांबून दिसतो.

तो मला आधी दिसेल. यांना आवाज येईपर्यंत थांबावं लागेल. "काय दिसतं?" असं हे तेव्हा विचारतील, दिवसभर विचारत असतील तसंच. मला लगेच सांगावं लागेल.